सचिव म्हणजे मंत्री, आणि विलेवारी म्हणजे विल्हेवाट नव्हे

मागच्या पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून आमच्या आत्तीचा संध्याकाळी फोन आला. आवाज पार पडलेला. "आरं, माझ्या अर्जाची विल्हेवाट लावली म्हणं त्यांनी." अर्ज उत्पन्नाच्या दाखल्याचा होता. मोबाइलवर कन्नडमध्ये संदेश आला, तो आठवीतल्या नातवानं वाचून दाखवला. नातू मराठी शाळेतला, पण कन्नड अक्षरं सरळ वाचतो. 'अर्जी विलेवारी' हे त्यानं बरोबर वाचलं, अर्थ मात्र घरचा लावला. आणि घरात विल्हेवाट कशाची लावतात? कचऱ्याची, मेलेल्या जनावराची. आत्ती त्या रात्री जेवली नाही.

कन्नड सरकारी भाषेत 'विलेवारी' म्हणजे अर्ज निकाली काढणं. गंमत अशी, की मंजूर झाला तरी विलेवारी आणि नामंजूर झाला तरी विलेवारीच. त्यामुळं रडायचं कारण नव्हतं, तसं पेढे वाटायचंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं, तर दाखला तयार होता.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या मराठी माणसाचं असं रोज होतं. हिवाळ्यात हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं, की मग तर विचारूच नका: सचिव आले, शासक उठले, आडळित पक्षानं उत्तर दिलं, कार्यदर्शींनी आदेश काढला. यातले निम्मे शब्द आपल्याला ओळखीचे वाटतात आणि नेमके तेच दगा देतात. म्हणून एकदा पायापासून समजून घेऊ.

राज्य, सरकार, प्रशासन: कारखान्याकडं बघा

आपल्या जिल्ह्यात उसाची कांडी माहीत नाही असं घर सापडणं कठीण. तेव्हा सहकारी साखर कारखानाच डोळ्यांपुढं आणा. जमीन, यंत्रं, सभासद, कार्यक्षेत्र हे सगळं मिळून कारखाना. तसं माणसं, प्रदेश, कायदे मिळून राज्य. सभासदांनी निवडून दिलेलं संचालक मंडळ म्हणजे सरकार. ते पाच वर्षांनी बदलू शकतं. कार्यकारी संचालक, शेती अधिकारी, गट ऑफिस, चिटबॉय ही झाली प्रशासनाची साखळी. मंडळ पडलं तरी ती माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर असतात. पोटनियम म्हणजे कायदा.

आता अनुभव आठवा. चेअरमन सभेत दर जाहीर करतो, टाळ्या पडतात. पण आपल्या फडाची तोडणीची चिठ्ठी चेअरमनच्या खिशात नसते, ती गट ऑफिसात असते. सरकार आणि प्रशासन यांतला फरक तेवढाच. योजना सरकार जाहीर करतं, चिठ्ठी प्रशासन देतं. आपल्याकडं माणसं आमदाराच्या दारात दोन दिवस काढतात आणि काम असतं नाडकचेरीच्या, म्हणजे दाखले देणाऱ्या कचेरीच्या, खिडकीवरचं.

मंडळाची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, की कारखान्यावर प्रशासक बसतो. तसंच कर्नाटकात जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ साली संपल्यावर तिथं 'आडळिताधिकारी' बसले. पलीकडं महाराष्ट्रातही २०२२ पासून कित्येक महापालिकांवर प्रशासक होते. दोन्हीकडं अर्थ एकच: निवडून आलेलं कुणी नाही, चिठ्ठी देणारा तेवढा आहे.

इथं कन्नडची एक खोच लक्षात ठेवा. 'आडळित' या शब्दात कारभार आणि सत्ता दोन्ही बसतात. 'जिल्लाडळित' म्हणजे जिल्हा प्रशासन, पण 'आडळित पक्ष' म्हणजे सत्ताधारी पक्ष. मराठीत आपण सत्ता आणि प्रशासन वेगळ्या खणांत ठेवतो, कन्नडमध्ये एकाच शब्दावर भागतं. वाक्यात पुढं कुठला शब्द आहे ते बघूनच अर्थ लावायचा.

आपले शब्द १९५६ ला थांबले

बेळगावच्या जुन्या माणसाला तहसीलदार कचेरी कुठं विचारा. तो म्हणेल, "मामलेदार कचेरी होय? सरळ जा." प्रांत, मामलेदार, कलेक्टर कचेरी, तलाठी, उतारा हे शब्द आपल्या तोंडात अजून ताजे आहेत. कोल्हापूरकर कधी कधी हसतात, आजोबांच्या जमान्यातलं बोलता म्हणून. हसण्याआधी तारखा बघाव्यात.

हा भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. मामलेदार हा मुंबई इलाख्याचा शब्द. गोव्यात तो आजही चालतो. जुन्या म्हैसूर संस्थानात त्याच खुर्चीवरच्या माणसाला अमलदार म्हणत. १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो (त्याचं नाव कर्नाटक झालं ते १९७३ ला). महाराष्ट्र जन्मला १९६० साली, आणि त्याच वर्षी तिथं भाषा संचालनालय निघालं. त्यानं पदनाम कोश केला, परिभाषा घडवली. राजभाषेचा कायदा कर्नाटकात १९६३ चा, महाराष्ट्रात १९६४ चा.

म्हणजे महाराष्ट्राची आजची कोरी करकरीत सरकारी मराठी घडत होती, तेव्हा आपण त्या घरातून बाहेर पडलो होतो. जुने शब्द आपल्यापाशी तसेच राहिले आणि नवे शब्द कन्नडमधून आले. सीमाभागातली मराठी अशुद्ध वगैरे काही नाही. तिच्यात मुंबई राज्याची एक जुनी पेटी आहे, वर कन्नडचं झाकण. महाराष्ट्रातली नवी मराठी आपल्याला फक्त वर्तमानपत्रात भेटते.

आणि 'सरकार' हा तरी कुणाचा शब्द? फारसी. सर म्हणजे डोकं, कार म्हणजे काम. मोगलाईत तर सुभ्याच्या खालच्या मुलखाच्या तुकड्याला सरकार म्हणत, म्हणजे जवळपास जिल्हाच. आमच्याकडं वाड्यावरच्या देसायांनाही 'सरकार' म्हणायची रीत होती. कचेरी, अर्ज, तालुका, जिल्हा हेही असेच फिरत आलेले शब्द, आणि ते कन्नडलाही तितकेच घरचे आहेत. या पट्ट्यातलं सरकारी शब्दांचं भांडण बरंचसं एकाच आजीच्या दोन नातवांचं भांडण आहे.

सचिव कोण आणि मंत्री कोण

सगळ्यात जास्त गोंधळ घालणारा शब्द हा. मराठीत सचिव म्हणजे सेक्रेटरी: सनदी अधिकारी किंवा सोसायटीचा हिशेब ठेवणारा. कन्नडमध्ये 'सचिव' म्हणजे मंत्री. सेक्रेटरीला कन्नडमध्ये 'कार्यदर्शी' म्हणतात. मुख्य सचिव म्हणजे 'मुख्य कार्यदर्शी'. 'जिल्हा उस्तुवारी सचिव' असं कुठं वाचलंत, तर ते आपले पालकमंत्री. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ 'सचिवरु' भेटणार म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीकडं जावं तसे चप्पल घालून, हातात पिशवी घेऊन निघाले होते. तिथं पोलिसांचा बंदोबस्त बघून परत आले.

यात कन्नडनं शब्द मोडला असं कुणाला वाटेल, तर शिवकाळात डोकावावं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, अष्टप्रधानांची फारसी नावं संस्कृत झाली. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, वाकनिसाचा मंत्री, आणि सुरनिसाचा सचिव. सचिव हा आठांतला एक प्रधान, मंत्र्याच्या रांगेत बसणारा. भोरचे पंतसचिव त्याच पदाचे वारस. तेव्हा सचिवाला राज्यकर्त्यांच्या पंगतीत बसवणारी कन्नड ही आपल्या अष्टप्रधानांच्या जास्त जवळ आहे, आणि त्याला अधिकाऱ्याच्या टेबलावर नेलं ते आजच्या मराठीनं. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी स्वतःशीच हसलो. त्याआधी कित्येक वर्षं 'ह्यांना सचिवाचा अर्थ कळत नाही' म्हणून मी नाक मुरडत होतो.

असेच दुसरे काही. 'शासक' म्हणजे कन्नडमध्ये आमदार. मराठी कानाला तो राजाबिजा वाटतो, पण तो आपण निवडून दिलेलाच माणूस. 'शासन' म्हणजे तिकडं कायदा किंवा शिलालेख. "शासनानं मदत दिली" या आपल्या वाक्यातलं शासन कन्नडमध्ये सर्कार असतं. 'इलाखे' म्हणजे खातं: 'कंदाय इलाखे' म्हणजे महसूल खातं. आपल्याला इलाखा म्हटलं की मुंबई इलाखा आठवतो. (एका इलाख्यातून निघालो आणि चाळीस इलाख्यांत पडलो, असं आमचे एक गुरुजी म्हणत.) 'वरिष्ठाधिकारी' म्हणजे कुणीही वरचा साहेब असं समजू नका, 'पोलीस वरिष्ठाधिकारी' म्हणजे नेमका जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक.

'तकरारु' तर खिशाला लागणारा शब्द. मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणं. कन्नड नोटिशीत 'तकरारु' म्हणजे हरकत, आक्षेप, वाद. गाऱ्हाण्याला कन्नडमध्ये 'दूरु' म्हणतात. जमिनीच्या फेरफाराची नोटीस लागते, 'तकरारु असल्यास अमुक दिवसांत कळवावे'. आपला माणूस म्हणतो, "माझी कशाला तक्रार असणार? भाऊबंदच आहेत." मुदत निघून जाते आणि नोंद पक्की होते. गाऱ्हाणं नसेलही, पण हरकत होती ना! ती वेळेत लेखी द्यायची असते.

डीसी मोठा की कलेक्टर?

बेळगावात जिल्ह्याच्या प्रमुखाला डीसी म्हणतात, डेप्युटी कमिशनर. कोल्हापुरात कलेक्टर. मराठी आणि कन्नड दोन्हींत शब्द मात्र एकच: जिल्हाधिकारी. डेप्युटी म्हणजे उप, म्हणून डीसी खालच्या दर्जाचा असं काहींना वाटतं. तसं नाही; पद एकच, परंपरा दोन.

इंग्रजांनी महसूल वसूल करायला नेमलेला तो कलेक्टर. मुंबई इलाख्यात हेच नाव रुळलं. कित्तूरवर चालून आलेला आणि २३ ऑक्टोबर १८२४ ला मारला गेलेला थॅकरे हा धारवाडचा कलेक्टरच होता. म्हैसुरात मात्र इंग्रजांनी १८३१ ते १८८१ अशी पन्नास वर्षं राजाला बाजूला ठेवून कमिशनरमार्फत कारभार केला. कमिशनरच्या हाताखाली जिल्हा सांभाळणारे ते डेप्युटी कमिशनर. १९५६ नंतर म्हैसूरचं नाव आपल्या दारावर लागलं, एवढंच.

महाराष्ट्रातला 'डेप्युटी कलेक्टर' मात्र खरंच खालचा असतो, उपजिल्हाधिकारी. आणि बेळगाव, बैलहोंगल, चिकोडी इथला 'असिस्टंट कमिशनर' म्हणजे आपला प्रांत. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला तो महापालिकेचा किंवा पोलिसांचा माणूस वाटतो.

गटार कुणाचं, उतारा कुणाचा

राजधानीतल्या शब्दांचा घोळ चहाच्या कट्ट्यावर संपतो. गावातल्या शब्दांचा घोळ हेलपाटे घालायला लावतो.

महाराष्ट्रात गावाचा सरपंच, आपल्याकडं ग्रामपंचायतीचा अध्यक्ष. नुसतं नाव वेगळं नाही. महाराष्ट्रात आता सरपंच थेट गावाच्या मतांनी निवडतात. आपला अध्यक्ष निवडून आलेल्या सदस्यांतून, सदस्यांच्या मतांनी होतो. मुदत अडीच वर्षांची, आणि पद आरक्षणाच्या फेऱ्यानं फिरतं. म्हणून "अध्यक्ष मी निवडून दिलाय" हे आपल्याला म्हणता येत नाही; आपण वॉर्डाचा सदस्य निवडला. जाब आधी त्याला विचारायचा.

पंचायतीत बसणारा अधिकारी म्हणजे पीडीओ, पंचायत विकास अधिकारी. पाणी, गटार, दिवाबत्ती, घरपट्टी, रोजगार हमी हे त्याच्याकडं. जमिनीचं काम तलाठ्याकडं, आणि तलाठी महसूल खात्याचा, पंचायतीचा नव्हे. कर्नाटकात त्याला आधी ग्राम लेक्काधिकारी म्हणत, म्हणजे गावाचा हिशेब ठेवणारा. आता नाव 'ग्राम आडळित अधिकारी'. महाराष्ट्रानंही २०२४ मध्ये तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी केलं. दोन्हीकडं गाव अजून तलाठीच म्हणतं. आमचं नवं नाव जरा फसवं आहे, कारण 'गावाचा प्रशासन अधिकारी' असा अर्थ लागून लोक तुंबलेल्या गटाराचं गाऱ्हाणं घेऊन त्याच्याकडं जातात. तो पीडीओकडं बोट दाखवतो आणि लोकांना वाटतं टोलवाटोलवी चालली आहे. त्या एका बाबतीत तो खरं बोलत असतो.

सातबाऱ्याला इथं 'पहणी' किंवा आरटीसी म्हणतात, नमुना १६. हक्क, कुळवहिवाट आणि पीक या तिन्हींची नोंद त्यात असते. भूमी प्रकल्पात ती संगणकावर गेली. बोलताना आपण उताराच म्हणतो, आणि या भागातले कन्नड शेतकरीही 'उतार' म्हणतात. गावठाणातल्या घरजागेला ई-स्वत्तूचे नमुने ९ आणि ११ लागतात. पलीकडं सात-बारा, अलीकडं नऊ-अकरा! शहरात 'खाता' असतो. मराठीत खातं म्हणजे बँकेतलं किंवा मंत्र्याचं. इथं खाता म्हणजे करासाठी मालमत्तेची नोंद. खाता नावावर झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही. मालकीला खरेदीखत आणि मागची कागदपत्रं बघतात. या एका समजुतीपायी माणसं फसलेली मी पाहिली आहेत.

दाखल्यांसाठी नाडकचेरी. नाड म्हणजे मुलूख, कचेरी आपलीच. तिथं उपतहसीलदार असतो. उत्पन्न, जात, रहिवास यांचे दाखले तिथं मिळतात, पण तोंडानं 'दाखला' मागितलात तर समोरचा 'दाखले' ऐकतो, म्हणजे कागदपत्रं, आणि म्हणतो, "तुमचीच द्या की." हवा असतो तो शब्द 'प्रमाणपत्र'. सुदैवानं खिडकीपलीकडच्या माणसाला बहुतेक वेळा मराठी कळतं. घोटाळा बोलण्यात कमी आणि कागदावर जास्त.

अर्ज दिल्यावर 'सकाल'चा क्रमांक घ्या. मराठी माणूस हमखास 'सकाळ' वाचतो. सकाल म्हणजे वेळेवर; ठरलेल्या मुदतीत सेवा द्यायचा कर्नाटकाचा २०११ चा कायदा त्या नावानं चालतो. क्रमांक नसेल तर मुदतही मोजता येत नाही.

"मग मराठीत अर्ज चालतच नाही का?"

चालतो. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं, की गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. मराठीत दिलेला गाऱ्हाण्याचा अर्ज भाषेच्या कारणावरून परत करणं या कलमाला धरून नाही. पण कलम काय म्हणत नाही तेही वाचा: उत्तर मराठीत मिळेल, असं त्यात कुठंच नाही. म्हणून अनुभवाचा सल्ला असा, की मजकूर मराठीत लिहा, वर कार्यालयाचं नाव आणि विषयातला मुख्य शब्द कन्नडमध्येही टाका, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

जिथं एखाद्या भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्क्यांच्या वर आहे, तिथं महत्त्वाच्या सूचना, नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, असं राज्यांनी मिळून मान्य केलेलं धोरण आहे. त्यावर लक्ष ठेवायला कलम ३५० ब खाली भाषिक अल्पसंख्याकांचा विशेष अधिकारी असतो. मराठी परिपत्रकांची मागणी इथं वारंवार उठते ती याच आधारावर. मात्र धोरण आणि कायदा यांत अंतर असतं. धोरण पाळलं नाही म्हणून दंड होत नाही. पाठपुरावा करावा लागतो, आणि तो आपण करतो तो बहुधा निवडणुकीच्या आधी.

"सीमाप्रश्न कोर्टात असताना कन्नड शब्द शिकायचे?"

हा आक्षेप मी घरात ऐकला आहे, तोही जेवणाच्या ताटावर. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा घातला, तो तिथं आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर फेरफाराची नोटीस कन्नडमध्येच लागणार आणि तिच्यातला 'तकरारु' आपल्याला कळला नाही, तर गुंठा आपला जाणार. शब्द कळणं आणि हक्क सोडणं यांचा एकमेकांशी काही संबंध मला दिसत नाही. उलट मराठीत परिपत्रक मागायला जाणाऱ्याला आपण नेमका कुठला कागद मागतोय ते कन्नडमध्ये सांगता आलं, तर समोरच्याला टाळायला जागा उरत नाही.

दुसरी बाजूही ऐकली आहे: "राज्यात राहता, मग मराठी कागद कशाला?" त्याला उत्तर कलम ३५० चं. तेही भारताच्याच घटनेतलं आहे.

राहिली मराठी बाटण्याची भीती. आमच्या आत्तीनं ती भीती कधीच निकालात काढली आहे. दाखल्याच्या प्रकरणानंतर तो शब्द तिच्या तोंडी बसला. परवा गेलो, तर अंगणात शेंगा फोडत बसली होती. नातीला बघायला पाहुणे येऊन गेल्याचं सांगत म्हणाली, "पोरगा बरा हाय. बोलणी व्हायली. यंदा हिची विलेवारी झाली की मी मोकळी."

मी विचारलं, "आत्ती, मंजूर की नामंजूर?"

"काय की बाबा," ती म्हणाली, "तेवढं अजून कळलं नाही."